चारदा मेलेली राणी

नम्रता एसटी स्टँडवर देवरूखच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात. जुन्या संगीत नाटकांची टिंगल करणारं विनोदी नाटक बघून दोघं परत निघाली होती. नम्रताने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि कान तिकडे लावला.

“आबा, मिशीवाली राणी मेली तेव्हा तुम्ही एकटेच हसला नाहीत.”

“हसण्यासारखं काय होतं गो त्यात?”

“पुरुष साडी नेसलेला. लोक ‘वन्स मोअर’ ओरडले की उठायचा, गायचा आणि पुन्हा मरायचा. असं खरं कोण करतं?”

“मी करायचो.”

“तुम्ही?”

“शिमग्याला मुंबईहून रजा काढून यायचो नि वाडीच्या नाटकात राणी व्हायचो. एका वर्षी चारदा मेलो.”

“मिशी ठेवून?”

“छे गो. काढायचो. मग कामावरचे महिनाभर चिडवायचे.”

“आणि वाडीतले हसायचे?”

“नाय. तुझी आजी तर रडायची. साडी तिचीच, मला नेसवायची पण तीच, तरी चारही वेळा रडली.”

गाडी लागली. नम्रता मुद्दाम त्यांच्या मागच्या सीटवर बसली.

“आबा, मी फार मोठ्याने हसले का?”

“पडद्यामागे ऐकू गेलं असेल.”

“घरी आजीपुढे मरून दाखवा ना. मी नाही हसणार.”

“हस गो. फक्त माझं मरून होईपर्यंत थांब.”