बंद पाकिटाची राखण

मंडळी, ऐका! टाळकऱ्यांनो, टाळ खाली ठेवा; मागचे जरा पुढे सरका. मोबाईल खिशात ठेवा — नाही, थांबा, हातातच असू द्या, शेवटी लागणार आहे!

आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. घराला कुलूप लावलं, दारात राखणदार बसवला. छान! पण हा राखणदार घरातलं काय काय बघतो, आणि बघितलेलं कुणाच्या कानात जाऊन सांगतो, हे कोणी बघायचं? बोला की! मग गोष्टच ऐका.

विट्यात कुमुदिनीबाई तांबवेकर नावाच्या एक बाई. वधूवर सूचक केंद्र चालवायच्या, बावीस वर्षं! केंद्राचे नियम दोन. पहिला — फॉर्म त्या स्वतः मोठ्यानं वाचून दाखवायच्या. कोणी घाई केली की म्हणायच्या, "वाचल्याशिवाय सही नाही! मग तुम्ही सरपंच असा नाहीतर कुणाचे सासरे असा!" दुसरा नियम — बंद पाकीट. आजार असो, मोडलेलं लग्न असो, जी नाजूक गोष्ट असेल ती कागदावर लिहायची, पाकिटावर लाख लावायची. पाकीट फोडायचं ते ज्याचं त्यानं, समोरासमोर भेटल्यावर. बाईंच्या कपाटातून बावीस वर्षांत एक शब्द बाहेर गेला नव्हता. आपल्याकडे तर बायकोला सांगितलेलं संध्याकाळी पारावर ऐकू येतं! हसा, हसा, पण खरं आहे.

आता या बाईंकडे आली रेवती घोरपडे. शाळेत गणित शिकवणारी, सरळ बोलणारी मुलगी. लहानपणी तिला फिट्स यायच्या. शेवटची आली पंधराव्या वर्षी, त्यानंतर बारा वर्षं काही नाही. रेवती म्हणाली, "काकू, हे मी माझ्या तोंडानं सांगणार. मुलगा पहिल्यांदा भेटेल त्याच दिवशी. तोवर कुणाला कळता कामा नये." बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "शब्द दिला, पोरी."

रेवतीच्या वडलांना एकच घोर — पुढं बाळंतपण नीट होईल ना? म्हणून बाईंनी केंद्रातल्या कॉम्प्युटरवर शोध घेतला. फिट्स, बाळंतपण, सांगलीतले डॉक्टर. सगळं वाचलं आणि केलेला शोध पुसूनही टाकला. अहो, हुशार बाई! शिवाय कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस होता, फुकटातला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी ढाल! बाई सकाळी उदबत्ती लावताना त्या ढालीसमोरही ओवाळायच्या. कशाला हसता? तुमच्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची कोण बांधतं?

आठ दिवसांनी तासगावच्या मोहितेबाई आल्या, सोबत मुलगा धैर्यशील. रेवतीचा फोटो दोघांनाही आवडला. बाईंनी गुण जुळवायची साइट उघडली आणि पडदा पाहुण्यांकडे वळवला. छत्तीसपैकी अठ्ठावीस! मोहितेबाईंचा चेहरा खुलला. आणि त्याच क्षणी, मंडळी, त्या अठ्ठावीस गुणांच्या शेजारी एक जाहिरात उगवली — 'फिट्स येतात? बाळंतपणाची भीती? आजच फोन करा!'

मोहितेबाईंनी वाचलं. एकदा जाहिरातीकडे बघितलं, एकदा रेवतीच्या फोटोकडे, आणि मग कुमुदिनीबाईंच्या तोंडाकडे. तोंडावरचा रंगच उडाला होता हो! बावीस वर्षं जे तोंड गप्प राहिलं, ते त्या दिवशी न बोलता बोललं.

"असं आहे होय!" मोहितेबाई उठल्या. "चल रे धैर्या. लपवाछपवीचं घर आहे हे."

बाईंनी दुरुस्तीवाल्या इलाही बागवानला बोलावलं. "इलाही, मी सगळं पुसलं होतं. मग बोंबललं कोण?"

इलाहीनं तासभर खटपट केली आणि त्या हिरव्या ढालीवर बोट ठेवलं. "काकू, ह्यानं. तुम्ही जे जे उघडता ते हा बघतो. चोर आहे का ते बघायलाच ठेवलाय त्याला. पण बघितलेलं जाहिरातवाल्यांनाही विकतो."

"मला न विचारता?"

"विचारलंय की. हे बघा, अडतीस पानांचा करार. विसाव्या पानावर लिहिलंय. खाली तुम्ही 'मान्य' दाबलंय."

वाचल्याशिवाय सही नाही म्हणणारी बाई! जगाला फॉर्म वाचून दाखवले, आणि स्वतःचा न वाचता दाबला! इलाही म्हणाला, "सगळ्या कंपन्या अशा नसतात, काकू. आणि ह्यानंही तीन व्हायरस पकडलेत, खोटं कशाला बोलू?" बरोबर आहे! राखणदारानं चोर पकडला. पण मागच्या दारानं ट्रंक बाहेर काढली, त्याचं काय?

बाईंनी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, गोड — आम्ही कुणाचं नाव देत नाही, फक्त सवयी देतो. बाई कडाडल्या, "तिच्या आजाराची जाहिरात तिच्याच गुणांशेजारी आणून बसवलीत, आता नाव कशाला लागतंय!"

पण कंपनीला शिव्या देऊन शब्द पाळल्यासारखा होतो का? नाही होत! बाईंनी ढाल काढून टाकली, चप्पल घातली, आणि थेट रेवतीचं घर गाठलं. म्हणाल्या, "पोरी, चूक माझी. तुझं पाकीट माझ्या हातून फुटलं." रेवतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं. मग उठली. "काकू, तासगावची एसटी किती वाजता आहे?"

मोहितेबाईंच्या घरी, सोप्यात, दोघी उभ्या राहिल्या. रेवतीनं सगळं सांगितलं — फिट्स कधी आल्या, कधी थांबल्या, डॉक्टर काय म्हणाले. मोहितेबाई तुटकपणे म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"भेटीच्या दिवशी सांगणार होते. तुमच्या डोळ्यांत बघून. तेवढा माझा एक दिवस त्या मशीननं चोरला. तो परत घ्यायला आलेय. लग्न करा नाहीतर नका करू."

धैर्यशील आईकडे बघत राहिला. मोहितेबाईंनी पदरानं हात पुसले आणि आत वळून हाक दिली, "अगं, चहा टाका गं! जी पोरगी एवढं तोंडावर सांगते, ती उद्या आमच्याशी खोटं नाही बोलायची."

टाळ थांबवा, गोष्ट संपली नाही! कुमुदिनीबाई तिथून परत आल्या आणि रजिस्टरातल्या प्रत्येक घरी स्वतः गेल्या. काय झालं ते सांगितलं. काहींनी फॉर्म परत घेतले, बाईंनी हात जोडून दिले. पाकिटातली गोष्ट त्या कॉम्प्युटरवर पुन्हा कधी शोधली नाही. नवा अँटीव्हायरस घेतला, पण आधी चष्मा लावून इलाहीबरोबर चार दिवस करार वाचला. अडलं तिथं कंपनीला फोन केला. उत्तर नीट मिळालं तेव्हाच 'मान्य' दाबलं.

आता काढा मोबाईल! त्यात ढाल किती जणांची आहे? हात वर! बघा, निम्मा मंडप! त्यातल्या किती जणांनी करार वाचला? एकही हात नाही? माझाही नाही, मंडळी! मी हे सांगतोय खरं, पण माझंही बोट तसंच चाललं होतं. आज घरी जाऊन मी वाचणार, तुम्हीही वाचा. कारण त्या मोबाईलमध्ये तुमचं एकट्याचं काही नाही. लेकीचा आजार आहे, भावाची अडचण आहे, कुणीतरी विश्वासानं तुमच्या हातात ठेवलेलं पाकीट आहे. ते तुमच्या बोटानं फुटलं, तर एसटी धरून त्याच्या दारात उभं राहायची तयारी ठेवा. आता वाजवा टाळ, आणि देवाचं नाव घ्या.