पाखरं हाकणाऱ्याचा दहावा

माझं नाव सोजर. माहेर चाकूरकडलं, दिलं ह्या गावात. गावाचं नाव घालू नका तुमच्या कागदात, लोक वळखतेत आन मंग चार तोंडं चार बाजूनं बोलतेत. एवढंच ल्ह्या की हितून नांदेडलाबी जाता येतं आन लातूरलाबी, आन आमच्या शिवाराला लागून इमानं उतरायची पट्टी हाय. मी लगीन होऊन आले तवा तिथं नुस्तं माळरान, आमी बायका शेण्या येचायला जायचो. मंग तार आली, तारंच्या जागी भिंत आली, आन भिंतीपल्याड ती काळी कुळकुळीत पट्टी. शाळा म्हणाल तर दुसरीत बसले, धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला उठले ती उठलेच. सही तेवढी करते.

मालक लवकर गेले. मागं एकच लेक, नामदेव. नामा म्हणायचो आमी. लई बोलणारा, लई हसणारा, बापासारखा न्हाई, बाप तर घुम्या हुता, जेवताना मीठ पायजे तरी बोटानं दावायचा. सुमन, म्हंजी नामाची बायकू, ती म्हणायची आत्या, ह्यो नक्की त्यांचाच का. आसं बोलायचो आमी सासूसुना, आता हसू येत न्हाई त्याचं.

तर काय सांगू तुम्हाला, त्या साली सोयाबीन गुडघ्याला लागलं हुतं. वरून पाऊस होऊन गेलेला, रान नुस्तं चिखल. आमी तिघं खुरपून राहिलो हुतो. इमान रोज येतं तसंच आलं, पर आवाज येगळा, जशी गिरणीत खडा आडकावा. नामानं मान वर केली. पट्टीवर टेकलं ते थांबंचना, भिंत फोडून आमच्याच वावरात घुसलं, आन काळ्या मातीत पोटावर बसलं. धूळ न्हाई काय न्हाई, नुस्ता चिखल उडाला झाडाएवढा. मी तर खालीच बसले. नामा पळाला, मी वरडत राहिले नामा न्हाई नामा न्हाई, ऐकतोय कुठं.

दार उघडलं, रबराची घसरगुंडी बाहेर आली, तिच्यावरून माणसं घसरून राहिलेली, नामा खाली हुबा, एकेकाला धरायचा आन बांधाकडं लोटायचा. घासलेटावानी वास सुटला हुता. गाव जमलं, त्यात लिंबाजी म्हातारा बिडी पेटवाया लागला तर नामानं हातावर चापट मारली, म्हणला मामा, समद्यांस्नी जाळता का. एक कोटवाला माणूस बांधावर बसून एकच म्हणत हुता माझा दुसरा बूट, माझा दुसरा बूट. एका बाईला मी घागरीतलं पाणी दिलं, ती पाणी पिईना, माझा हात धरून बसली, केवढा गार हात. मेलं कुणी न्हाई बघा. हातपाय मोडले कुणाकुणाचे, पर मेलं न्हाई.

मंग सायेब लोक आले, पंचनामे झाले. त्यांनी गाव चावडीवर बसवलं आन सांगितलं की इमानाच्या पंख्यात घार गेली हुती. एवढं पाखरू, आन एवढं लोखंड खाली आलं. म्हणले तुमी मेलेली जनावरं भिंतीकडंला टाकता, कोंबडीची घाण टाकता, त्याच्यावर घारी-कावळे जमतेत. ते खरंच हुतं, आमी पयल्यापासून तिथंच टाकायचो, पट्टी मागून आली. लोक मुंड्या हलवून घरी गेले. नामा तेवढा तिथंच बसून राह्यला.

त्यानंतर त्यानं पट्टीवर कामच धरलं, पाखरं हाकायचं. फटाके फोडायचे, कुत्री हाकलायची, गवत वाढू द्यायचं न्हाई. लोक चेष्टा करायचे, काय नामदेवराव, आज किती कावळे सस्पेंड केले. हसायचा. पर घरी आला की म्हणायचा आई, त्या दिवशी आत लेकरं हुती गं.

तिथवर ठीक हुतं. पर आमचं दहाव्याचं ठिकाण म्हंजी वढ्याचा काठ, भिंतीला लागून. पिंड ठेवायचे, कावळ्याची वाट बघायची. माझ्या सासऱ्याचं तिथंच झालं, मालकाचं तिथंच झालं. नामा घरोघर फिरला, म्हणला दहावं तिकडं खालच्या पुलाकडं करा, हितं कावळे बोलावू नका. गाव खवळलं. आमचे चुलत दीर, विठ्ठलभावजी, भावकीत मोठे, ते समद्यांदेखत म्हणले, तू कावळे हाकतोस न्हवं, तुझ्या दहाव्याला कोन येतंय बघू. नामा उठून कामावर गेला. मी घरात येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडली.

आन वरीस भरलं न्हाई तर नामा गेला. इमानानं न्हाई, पाखरानं न्हाई. हिरीवरच्या मोटारीचा शाक लागला. आसं कुणालाबी होतंय, नामाला झालं.

दहाव्याला मी म्हणले पुलाकडं करू, त्यानंच सांगितलंय. पर भावकी म्हणली तिकडं कावळं फिरकत न्हाई, लेकराचा जीव आडकून ठिवायचा का तुला. मी बी आईच. मला वाटलं, इमान दुपारी येतंय, आपुन सकाळीच उरकू. बायका जात न्हाईत आमच्यात, तरी मी गेले. कोन अडवतंय मला.

पिंड ठिवले. कावळा येईना. सुमनचा भाऊ म्हणला नामा, तुझी लेकरं मी शिकवतो. येईना. मी म्हणले नामा, सुमनला पोटच्या लेकीवानी ठिवते. येईना. ऊन चढलं. विठ्ठलभावजी खाली मान घालून बसलेले, मधीच उठले, पिंडापुढं नाक घासलं, म्हणले नामा, चुकलं माझं, यी आता. म्हातारा माणूस, डोळ्याला धार. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच गेला.

आन मंग कावळे आले. एक न्हाई, थवाच. भिंतीवर बसले, दोन खाली उतरून पिंडाकडं तिरके तिरके चालू लागले. समदे श्वास धरून. तेवढ्यात चिंचंच्या झाडांवरून आवाज आला. इमान. पट्टीकडं तोंड करून खाली येऊन राहिलेलं. थवा भिंतीवरून उठून तिकडंच वळला आसता, मला दिसत हुतं.

काय झालं मला ठावं न्हाई. मी पदर सोडला आन तो फिरवत, टाळ्या वाजवत, हा हा करत धावले. पिंडाजवळचे उडाले, भिंतीवरचे उडाले, वढ्याच्या पल्याड माळाकडं गेले. विठ्ठलभावजींनी माझा हात धरला, म्हणले वैनी, शिवू द्या की, काय करता.

मी म्हणले, भावजी, त्यात माणसं हायत.

इमान डोक्यावरून गेलं, टेकलं, पळत पळत हुबं राह्यलं. कावळे काय परत आले न्हाईत. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तोच शिववला पिंडाला. भावजींनी माझा पदर उचलून माझ्या हातात दिला.

आता दहावं समदे पुलाकडंच करतेत. कुणी सांगितलं न्हाई, आपसूक. सुमन लेकरांसंगं माझ्याकडंच हाय. मागं बायका बोलतेत, नामाला कावळा शिवला न्हाई, त्याचा जीव आडकला, आन सोजरनंच आडकवला. बोलू द्या. मलाबी कधी तसं वाटतंय. दुपारचं इमान आलं की माझा हात परातीत थांबतो, चाकं टेकल्याचा आवाज येईस्तवर मी पीठ मळत न्हाई. आडकला आसंल तर तिथंच कुठं भिंतीपाशी आसंल, कामावर. राहू दे. आत बसलेली माणसं घरी जाऊ देत आपापल्या.