शेपटी उगवण्याआधी

१९६५च्या दिवाळीनंतर, भांडुपच्या आमच्या चाळीत, पहाटे नळाच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बोलत होत्या.

"सुगंधा, सारखं आभाळात काय बघतेस गं?"

"धूमकेतू, मथुराताई. सूर्याला घासून गेला, तरी शाबूत सुटला म्हणे! उजाडायच्या आधी त्याची शेपटी वर येते. रोज शोधतेय. पेपरात लिहिलंय, आता विरत चाललीय."

"मग इथून काय दिसणार? गच्चीवर जा ना!"

"आणि पाणी गेलं तर?"

"तुझा हंडा मी सरकवते. पळ!"

थोड्या वेळाने वरून हाक आली.

"ताई, दिसली! खाडीवर उभी आहे, काय झकास! या ना सगळ्याजणी!"

"अगं, आणि इतके हंडे?"

"तुम्ही जा. मी भरतो," मी कसंबसं म्हणालो.