पासिंगची टायरं

आमच्या जुन्या जीपला नावं ठेवू नका बरं का, दरवर्षी पासिंगला पहिल्या फटक्यात पास होते. कशी, ते मी सांगते. आदल्या दिवशी माझा बाळू शेजारच्या दत्तूच्या जीपची नवी टायरं काढून आमच्या गाडीला लावतो आणि पास झाली की परत देतो. मग वर्षभर आपल्या गुळगुळीत टायरांवर तिसगावच्या शाळेत पोरं नेतो.

यंदा मीही नगरला सोबत गेले. आठवड्यापूर्वीच पोरांनी भरलेली ही गाडी वळणावर घसरली होती. आत माझी नात होती. रांगेत मला बसवेना. सारखी उतरत होते, सारखी चढत होते.

बाळू वैतागला. "आई, गप बस की! मुंग्या चावत्यात का?"

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. वाकून टायरं बघितली आणि खूश झाले. "गाडी जुनी, पण निगा चांगली ठेवलीय."

मला काही राहवेना. "साहेब, निगा दत्तूची हाय. ही टायरं त्याची. आमची घरी पडल्यात. त्यांच्यापरीस माझ्या गालावर जास्त रेघा निघतील!"

साहेब आधी हसले, मग गंभीर झाले. "स्वतःची नवी टायरं घालून आणा," म्हणाले आणि गाडी नापास केली.

बाळू माझ्यावर उखडला. "झालं समाधान? आता नापास गाडीत बसून घरी जायचं व्हय?"

मी पुढच्या सीटवर ऐसपैस बसले. "चल की बिनधास्त. आज टायरं चांगली हायत."