मशीन ओरडलं तर ओरडू द्या

बसा इथंच स्टुलावर, मशीन चालू राहील, मी बोलत राहीन. आमचं गाव शिरपूरकडचं, पन मला त्याचं काय आठवत नही, मी कडेवर असताना बाप आम्हाला सुरतला घेऊन आला, नवागामात खोली केली, तिथंच मी वाढले, लग्न होऊन गेले तेबी दोन गल्ल्या पलीकडे, म्हनून गाव विचाराल तर नवागामच लिहा. बाप सचिनला, सुरतजवळच्या कारखान्यांच्या भागात, लूमवर म्हंजे कापड विनायच्या मागावर व्हता. घरी अहिरानी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती अन भांडायला हिंदी, अशा चार भाषा मला येतात, अन भांडन लई चांगलं येतं.

बाप गेला तेव्हा माय पेन्शनचं विचारायला कारखान्याच्या ऑफिसात गेली, मी संगे. खुर्चीतला मानूस म्हने, बेन, रेकॉर्डमां नाम नथी. माय बाहेर येऊन पायरीवर बसली अन मला म्हने, आंडेर, म्हंजे पोरी, तुना बापनं नाव नही शे म्हनतस. काय सांगू तुम्हाला, लूमच्या खडखडाटात मानूस बहिरा झाला, सगळी उमर तिथं घातली, अन नाव नही! कागद व्हता हो, कुठंतरी पडला असंल, कुठंतरी चिकटला असंल, कोनाला फिकीर? माझा जीव अजून जळतो.

तर मी आता ह्या स्कॅनिंगच्या ऑफिसात. बंद पडलेल्या कारखान्यांचे जुने कागद येतात, पोतीच्या पोती, आम्ही पिना काढायच्या, गठ्ठा मशीनमधे लावायचा, ते एकेक कागद ओढतं अन त्याचा फोटो काढतं. मग तो कागद त्या कोपऱ्यातल्या मशीनमधे जाऊन चिंध्या. चिंध्या म्हंजे समजलं ना, परत काय नही. फोटोत आला तो मानूस राहिला, नही आला तो गेला.

मशीन तसं लई शहाणं हाये. कागदाच्या एका बाजूनं आवाज सोडतं, आपल्याला ऐकू न येनारा, अन दुसऱ्या बाजूनं पकडतं. कागद एकच असला तर आवाज बरोबर पोचतो, दोन असले तर मधे हवा राहते अन कमी पोचतो, की हे लगेच जागच्या जागी थांबतं, लाल दिवा, टीं टीं, पडद्यावर लिहून येतं की दोन पानं आली. मग झाकन उघडायचं, दोन्ही पानं काढून वेगळी करायची, शेवटचं चांगलं पान कुठलं आलं ते बघायचं अन तिथून पुढे चालू. पहिल्यापासून करायला लागत नही.

पन त्याला सगळंच कळतं असंबी नही. दसऱ्याला आपल्यात हत्यारं पूजतात, तर माझ्यासंगे काम करनाऱ्या सुनीतानं मशीनला हळदकुंकू लावलं, अन कुठं लावलं? झाकन उघडून आतल्या काचेवर! व माय, दुसऱ्या दिवशी हर पानावर वरून खालपर्यंत लाल रेघ, अन मशीन चुप. त्याच्या हिशोबानं कागद एकच, अडकलेला नही, मग ओरडू कशाला? तवापासून मी त्याच्यावर भरवसा ठेवते, पन डोळे मिटून नही. कुंकू आता बाहेरून लावतो.

तर मागं एका बंद लूम कारखान्याच्या फाइली आल्या. माझ्या बापाचा तो नव्हे, पन तसाच. कामगारांचे अर्ज, वर फोटो चिकटवलेले, अन चिकटवलेले कशानं? खळीनं! सुताला कडक करायची खळ पिंपात भरलेली असायची, लूमवाला गोंद कशाला विकत घेईल, बोट बुडवलं अन लावला फोटो. आता वर्षांच्या ओलीनं ती खळ पसरलेली, ह्याचा फोटो त्याच्या कागदाला धरून बसलेला, मशीन मिंटामिंटाला टीं टीं.

भावेशभाई आमचा सुपरवायजर. मानूस वाईट नही, पन त्याला वरून घाई. म्हने बेन, आ टीं टीं बंध कर, सेटिंगमधून काढून टाक. म्हटलं, मग मागं चिकटलेला कागद कोन बघनार? म्हने, एखादा गेला तर गेला, कोन विचारायला येतं? बस, माझं डोकं सनकलं. म्हटलं, येतं भावेशभाई, मी मायचा हात धरून आलेली हाये विचारायला, अन समोर खुर्चीत तुमच्यासारखाच बसलेला व्हता. तसा भावेशभाई म्हने, ऐसा है तो मशीन छोड, पिन निकालने बैठ. स्वतःच्या हातानं त्यानं टीं टीं बंद केली अन सुनीताला माझ्या जागेवर बसवलं.

बसले ना मी पिना काढायला! रडत नही बसले. म्हटलं मशीनचे कान तू बंद केले, माझे हात तर मोकळे हायेत. ब्लाउजची सेफ्टीपिन काढली, ओला फडका घेतला अन एकेक कागद सोडवायला लागले, कोपऱ्याकडून, हळूहळू, फोटोतल्याचा गाल फाटू नये अशा बेतानं. माझ्या टेबलावरून चिकटलेला कागद पुढे जानार नही म्हंजे नही. तिकडं मशीन रिकामं, सुनीता जांभया देते. भावेशभाई येऊन ओरडला, जल्दी कर. म्हटलं, हात हायेत हे, ह्यांना सेटिंग नही.

टीं टींला जेवढा वेळ जायचा त्याच्या कितीतरी जास्त माझ्या सेफ्टीपिनीला गेला. शेवटी आला अन म्हने, चाल, मशीन पर बेस. मी उठलेच नही. म्हटलं, आधी टीं टीं चालू करा, बंद तुम्ही केली, चालूबी तुम्हीच करा. काढून टाकीन म्हने. काढा म्हटलं, धुनीभांडी करीन, पन हे करनार नही. मग पुटपुटत त्यानंच केली चालू.

ह्या कागदांचा ठेका संपल्यावर मला ठेवतो का काढतो, देव जाने, मी काय घाबरत नही. मायला पेन्शन मिळाली नही, अन आता मिळनारबी नही, ते मी गिळलं. पन माझ्या हाताखालचा कागद हरवून दुसऱ्या कोनाची माय त्या पायरीवर बसली, असं मी जित्तेपनी होऊ देनार नही.

थांबा, ओरडलं बघा. ओरड रे बाबा ओरड, सुखी राह, तुझा गळा कधी बसू नये. सरका जरा, मला झाकन उघडू द्या, कोनाचा तरी बाप अडकलाय.