उभ्या गवतातले घोडे

"हॅलो? … हं, बोल जोनेल. … मला वाटलंच तू असणार, रविवारी या वेळी दुसरं कोण करतंय. … हो, हो, लावलाय टीव्ही. जाहिराती चालल्यात अजून. … थांब गं, बूट तरी काढू दे. गोठ्यातनं आत्ताच आले. एक पहिलारू कालवड व्यायला टेकलीय. सारखी बसते, सारखी उठते. … हं, आता बोल."

अर्डिसने भिंतीवरच्या फोनची लांब वायर खुर्चीवरून ओढून घेतली आणि टीव्हीसमोर बसकण मारली. मोंटानाच्या त्या खोऱ्यात मोबाइल म्हणजे खिशातलं ओझं, म्हणून वडिलांच्या वेळचा हा फोन अजून भिंतीवर होता. दर रविवारी संध्याकाळी दोघी बहिणी, एक इथे रानात आणि धाकटी तिकडे बिलिंग्ज शहरात, फोन कानाला लावून ब्रॅनिगन घराण्याची मालिका बघायच्या. बोलायचं ते जाहिरातींत. मालिका सुरू झाली की जोनेल हूं की चूं करू द्यायची नाही.

ब्रॅनिगन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं रान, मोजता येणार नाहीत एवढी गुरं, आणि त्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेले शहरातले पैसेवाले. म्हातारा ब्रॅनिगन काही त्यांना दाद देत नाही. अर्डिसला त्याचं भारी कौतुक. त्याच्या घोड्यावर बसण्याचं नव्हे, तो बसला की तिला खोगिरावर बटाट्याचं पोतं टाकल्यासारखं वाटायचं. कौतुक होतं ते त्याच्या न विकण्याचं. एकसष्टाव्या वर्षी तिची स्वतःची सगळी कमाई तेवढीच होती, की वडिलांनी ठेवलेलं रान तिने जसंच्या तसं राखलं होतं.

"काय? … आज बघू नको? का गं? … कंटाळवाणा भाग आहे? अजून लागला नाही तर तुला कसं कळलं? … कोण म्हणालं? … दुकानातली बाई. बरं. ती तर कशालाही नाक मुरडते. … अगं, आठवडाभर वाट बघते मी याची. दुसरं आहे काय मला, शेण आणि डुएनचं तोंड. आणि तेही दोन दिवस नाहीये. पाठ दाखवायला गेलाय म्हणे डॉक्टरला. … बंद करून काय करू? … तुझ्याशी बोलू? मग आता काय करतेय?"

जोनेलला आज बोलायचा झटकाच आला होता.

"हं … हं … पडदे बदललेस? छान केलंस. … हिरवे? … अगं, सुरू झालं बघ. गप आता. … जोने, सुरू झालं म्हणते ना. … कमाल आहे तुझी. एरवी मी शिंकले तरी खेकसतेस, आणि आज तूच पडद्यांचं पुराण लावलंस."

"अरे देवा. बघतेस ना? … उभ्या गवतातून घोडे घातले. कंबरेइतकं गवत, कापणीला आलेलं, आणि त्यातून आठ-दहा घोडे चौखूर. … दिसतंय छान, मी कुठे नाही म्हणते? पण जनावरं पाळणारा माणूस असं करेल का गं? बाबांनी खाली ओढून मुस्काटात दिली असती. हे म्हणे पिढीजात गुरंवाले. … हसतेच आहे मी. चिडले कुठे? … पण ते गवत कुणाचं तरी असणार ना. त्या बिचाऱ्याने हिवाळ्यात गुरांपुढे काय टाकलं असेल? … पैसे दिले असतील, हो. गाय पैसे खाते का? मला तर दया येते त्या माणसाची."

"चुलीवर? रस्सा आहे. … नाही करपत. … अगं, कालवड आत्ताच बघून आले. … तू कधीपासून माझ्या कालवडींची काळजी करायला लागलीस? मागच्या खेपेला गोठ्यात आलीस ते नाकाला रुमाल लावून. … बरं बाई, जाते, पण जाहिरात लागली की. … थांब."

"थांब जोने, बोलू नकोस. … तो पाट बघितलास? घोड्यांनी उडी मारली तो. … पाटाच्या दाराला काय लावलंय? … नाही दिसलं? पुन्हा दाखवतील. … हे बघ. निळं. … गाडीचा दरवाजा आहे तो."

वडिलांची जुनी निळी पिकअप गाडी एका वसंतात नदीच्या पातळ बर्फात गेली. तिच्यातलं कामाचं म्हणून एक दार तेवढं हाती आलं, आणि त्यांनी ते पाणी अडवायला पाटात बसवलं. खोऱ्यातल्या माणसांनी त्यावरून वर्षानुवर्षं त्यांची टर उडवली. पाणी सोडायचं असलं की शेजारचा म्हातारा ट्वेट अजून म्हणायचा, जा अर्डिस, गाडीचं दार उघड.

"दुसरीकडे असेल, म्हणे. … असेल ना. निळं दार दुसरीकडे असेल, पण त्याचा कडीचा भाग खाली आणि काचेचा भाग वर ठेवून त्यावर फळी ठोकणारा माणूस एकच होता. तुझा बाप. … आणि मागे बघ. ट्वेटची टेकडी आहे ती. … जोनेल, हे आपलं खालचं कुरण आहे. … मला सांगतेस? मी जन्म काढला त्यात."

तिने आवाज वाढवला. टीव्हीत घोडे पुन्हा उधळले, या वेळी अगदी जवळून. तिला आता प्रत्येक वाकण, प्रत्येक खाचखळगा ओळखू येत होता, आणि इतका वेळ कसा आला नाही याचंच नवल वाटत होतं. आपलं घर अनोळखी माणसाने काढलेल्या फोटोत बघितलं की होतं असं कधीकधी.

"हे जुलैतलं आहे. गवत बघ ना, फुलावर आलंय. … जुलैत मी वर होते, डोंगरावर. … हो, गुरांबरोबर. दर साली असते तशी."

उन्हाळा लागला की अर्डिस कळप घेऊन डोंगरावरच्या खोपीत जायची ती पहिलं दहिवर गोठेपर्यंत खाली यायची नाही. खालचं गवत कापून हिवाळ्यासाठी रचायचं काम धाकट्या भावाचं, डुएनचं. गेल्या साली ती उतरली तेव्हा खालचं कुरण चटईसारखं झोपलेलं होतं, आणि डुएन टोपी हातात घेऊन फाटकाशी उभा होता.

"गारा. … जोने, तो मला म्हणाला गारा पडल्या. … ट्वेटच्या रानात काडी वाकली नव्हती. मी विचारलं डुएनला. तर म्हणे, गारांचं असंच असतं ताई, एकाला झोडतात, शेजारच्याला सोडतात. आणि मी मान डोलावली. कारण असतंच तसं, खरंच असतं. … मीच त्याची समजूत घातली. बस म्हटलं, जेव, आभाळापुढे कुणाचं चाललंय. … चारा पुरेना म्हणून जुन्या गाई विकून काढल्या मी. क्लाराला काढलं. बारा वासरं दिली तिने मला, एकदा लाथ मारली नाही. गाडीत चढताना मागे वळून बघत होती. … घोडे, जोनेल. घोडे नाचवले त्याने माझ्या उभ्या गवतात, आणि वर गारांचं नाव."

"बघ. म्हातारा ब्रॅनिगन खाली वाकला. मूठभर माती घेतली. … ऐकलंस काय म्हणाला? मी मेल्याशिवाय ही माती कुणाला मिळणार नाही. … शाबास. माझ्या मातीत उभा राहून."

"नाही, आता डुएनलाच विचारते. डॉक्टरचा नंबर … का नको? … उद्या कशाला? आत्ता विचारते. … काय घाई म्हणजे? … थांब. कोण खोकलं?"

"तुझा नवरा नाही तो. त्याचा खोकला मला माहितीय. … जोनेल, डुएन तुझ्याकडे आहे. … नाही, फोन नको देऊस त्याला. तुझ्याशी बोलतेय मी."

अर्डिसने टीव्हीचा आवाज पार कमी केला.

"दुकानातली बाई वगैरे कुणी नव्हती ना? … तुला माहीत होतं आज काय दाखवणार ते. म्हणून पडदे. म्हणून कालवड. … कधीपासून माहीत होतं? … मी ओरडत नाहीये. मी कधी ओरडते? विचारतेय. … हं. … हं. … अजून काय? … आहे अजून काहीतरी. तू लहानपणी खोटं बोलायचीस तेव्हा असंच भराभर बोलायचीस आणि मग एकदम थांबायचीस. … सांग."

"परत सांग. … विकलं? … कुणाला? … मालिकावाल्यांना नाही. मग? … त्यांच्याबरोबर आलेला पाहुणा. कॅलिफोर्नियाचा. … त्याला आवडलं. हो, आवडणारच, कंबरेइतकं गवत होतं. … फक्त कुरण ना? … घरसुद्धा. … गोठे. … पाण्याचा हक्क. … म्हणजे सगळं."

अर्डिस उभी राहिली, आणि उभं राहून काय करायचं ते न सुचल्याने पुन्हा बसली.

"माझ्या सहीशिवाय कसं … हो. आहे लक्षात. तिघांत दोघांचं मत. बाबांनी तसं लिहून ठेवलंय. … पण का लिहून ठेवलं, ते माहितीय तुला? मला सांगितलं होतं त्यांनी. म्हणाले, डुएन आज ना उद्या विकायला निघणार. निघू दे. तुम्ही दोघी आहात तोवर त्याचं काही चालायचं नाही. … दोघी, जोने. तुझ्या भरवशावर केलं त्यांनी ते. कुंपणानेच शेत खाल्लं गं."

"हो, गुडघे गेलेत माझे. … हो, मूलबाळ नाही. मला माहितीय मला मूलबाळ नाही. … तुमच्या अडचणी असतील, मी कुठे नाही म्हणते? नवऱ्याचं काम सुटलंय, कळतं मला. मग यायचंस आणि तोंडावर सांगायचंस. भांडलो असतो. मी ताटं आपटली असती, आठवडाभर बोलले नसते. पण तोंडावर सांगायचंस. हा केसाने गळा कापायचा धंदा कुठे शिकलीस?"

"काय करणार आहे तो कॅलिफोर्नियावाला? … मला राहू देणार? … इथेच, घरात. अच्छा. … त्याची गुरं बघायला. … आणि पाहुणे आले की त्यांना घोड्यावर बसवायला. … पगारसुद्धा देणार. माणूस दिलदार दिसतो. … नाही, टोमणा नाही मारत. नीट समजून घेते. म्हणजे माझ्याच घरात मी मोलकरीण. … 'तसं नाही ताई' म्हणजे कसं? दुसरा शब्द असला तर सांग, तो वापरते."

पलीकडे जोनेल रडायला लागली होती. तिच्या रडण्याचा आवाज अर्डिसला पाळण्यापासून पाठ होता. तिने तो ऐकून घेतला. आणि ऐकता ऐकता तिला काहीतरी आठवलं, तसा तिचा आवाज एकदम खाली आला.

"जोने. … रडायचं थांब जरा. एक विचारायचंय. … जुलैत माझा दात सुजला होता. मी वनखात्याच्या माणसाबरोबर निरोप धाडला होता डुएनला, की उतरतेय, दात दाखवून येते. … आणि दुसऱ्या दिवशी तूच वर आलीस."

"घोड्यावरून आलीस. वीस वर्षं घोड्याला हात लावला नव्हतास. लवंगेचं तेल आणलंस, चेरी आणल्यास टोपलीभर. म्हणालीस, ताई, एवढ्या उन्हात खाली कशाला जातेस, मी आहे ना. … मला काय वाटलं होतं, सांगू? मी चर्चमध्ये सांगितलं सगळ्यांना. ट्वेटच्या बायकोला तर दोनदा सांगितलं. माझी बहीण माझ्यासाठी डोंगर चढून आली, म्हटलं. … दात गेला तो गेलाच, पण मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. सगळ्या उन्हाळ्यात मला चांगलं असं तेवढंच आठवायचं."

"मी खाली उतरू नये म्हणून आली होतीस ना? … हो की नाही, एवढंच. … मला लांबड नको, जोने. हो की नाही. … हं."

"बरं."

टीव्हीवर ब्रॅनिगनांची सगळी भावंडं बापाभोवती उभी राहून शपथा घेत होती. अर्डिसने तिकडे पाठ केली.

"अजून एक. … त्या रात्री तू माझ्या उशाशी बसून रडत होतीस. मला वाटलं माझं दुखणं बघवत नाही तुला. मीच तुझा हात धरला. म्हटलं, वेडी आहेस का, दाताने कुणी मरत नाही. … ते कशासाठी रडत होतीस?"

पलीकडे जोनेलने सांगायला म्हणून श्वास घेतला. तो अर्डिसला स्पष्ट ऐकू आला.

"नको. राहू दे. … नको म्हणते ना. तू सांगशील, आणि मला तुझी दया येईल. आजवर मला तुझी दयाच येत आलीय."

आणि तिने फोन ठेवून दिला.