शेवटचा हात कोणाचा?

मारुतीरायाच्या चरणी डोकं ठेवलं, आता तुमच्यापुढे हात जोडते, आणि मंडळी, एकच प्रश्न विचारते. सरळ उत्तर द्यायचं हं! घरात काही बिघडलं, दूध उतू गेलं, टीव्ही बंद पडला, पोरगं नापास झालं, तर आपण पहिल्यांदा काय शोधतो? कारण? छे हो! माणूस शोधतो! कुणामुळे झालं ते आधी सांगा!

हसू नका. माझंच बघा ना. कीर्तनात माझा सूर घसरला की मी कुणाकडे बघते? पेटीवाल्या काकांकडे! तेही बिचारे मान खाली घालतात. लोकांना वाटतं, बाई किती सुरात, पेटीच बेसूर! ही आमची विद्या.

म्हणून आजचा प्रश्न असा – जगाचे दोष ज्याला दिसतात, त्याला स्वतःचा हात का दिसत नाही?

शोधियेले दोष अवघ्या गावात ।
आपुलाच हात झाकोनिया ॥

तर ऐका! घाटाच्या पायथ्याशी एक गाव. गावात दिगूमिस्त्रीचं गॅरेज. मिस्त्री कसा? गाडी फाटकातून आत यायच्या आधी, नुसत्या आवाजावरून सांगायचा – 'हिचा पट्टा ढिला. हिचं बेअरिंग गेलं.' आणि ते खरं निघायचं! आता मला गाडीतलं काय कळतं? हॉर्न आणि दरवाजा. त्यातला दरवाजा मी जोरात आपटते म्हणून आमचे हे अजून बोलतात. पण मिस्त्री म्हणजे इंजिनाचा वैद्य!

या वैद्याची एक रीत होती. कुठलीही गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी विचारायचा, "हिला शेवटचा हात कोणी लावला?" गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजचं नाव घ्यायचं. की मिस्त्री हसायचा! "मग बरोबर! जिथे शेवटचा हात, तिथेच घोटाळा." किती खरं! किती शहाणपणाचं! पण शहाणपण कसं असतं मंडळी? छत्रीसारखं. दुसऱ्याला द्यायला सोपं.

एके दिवशी पोंक्षे डॉक्टरीणबाईंची गाडी सर्व्हिसिंगला आली. जुनी डिझेल गाडी. दर बाजाराच्या दिवशी बाई घाट चढून वरच्या वाड्यांना जायच्या. तिथे पोटुशा बाया त्यांची वाट बघत बसायच्या. गाडी चालवायचा रोहिदास. शांत, पापभिरू माणूस. घरी नुकताच पाळणा हललेला.

मिस्त्रीने एअर फिल्टर काढला. आता नीट बघा हं सगळ्यांनी! इंजिनात हवा जाते त्या रबरी पाइपचं तोंड उघडं पडलं. आत नट पडायला नको, म्हणून मिस्त्रीने तिथे कापडाचा बोळा कोंबला. चांगली सवय! कापड कुठलं? घरचंच, पोरीचं जुनं दुपटं. धुऊन धुऊन मऊ झालेलं, निळ्या काठाचं.

तेवढ्यात कोणीतरी आलं आणि म्हणालं, "मिस्त्री, तुमच्यासारखा कान पंचक्रोशीत नाही!" झालं! मिस्त्री उठला, चहा मागवला, आपल्या कानाच्या कथा सांगत बसला. परत आला, फिल्टर बसवला, नट आवळले, बॉनेट लावलं.

आणि बोळा? काढला का? तुम्ही सगळे बघत होतात ना? मग ओरडला का नाहीत! आता भोगा.

सपाटीला गाडी ठीक चालली. पण घाट लागला, की धाप! काळा धूर! दुसऱ्या वळणावर गाडी उभी. बरोबरच आहे, नाक दाबून डोंगर चढा बघू!

बाई गॅरेजात आल्या. मिस्त्रीने रिवाजाने विचारलं, "शेवटचा हात कोणी लावला?"

"तुम्हीच की!"

"हां, मग ते सोडा," मिस्त्री म्हणाला.

बघा! जिथे सापडणार होतं, तेवढंच दार त्याने लावून घेतलं! मग काय, डिझेल वाईट. डिझेल बदललं, धूर तसाच. फिल्टर बदलला, पण पाइपात खोल ओढला गेलेला बोळा काही दिसला नाही, धूर तसाच. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, हे मिस्त्रीला पाठ होतं. पण मनात म्हणाला, हवेची वाट तर मी स्वतः साफ केली! तिथे दोष असेलच कसा? राहिलं कोण? ज्याला उलट बोलता येत नाही तो.

"बाई, गाडीत दोष नाही. ड्रायव्हरचा पाय जड आहे. क्लचवरून पाय काढत नाही, हाफ क्लचवर घाट चढवतो."

रोहिदास उभा होता. त्याने नुसतं आपल्या पायाकडे बघितलं.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, वर बायका ताटकळतात, मला जोखीम परवडत नाही. उद्या तुम्ही चालवून दाखवा. तुमच्या हातून चढली, तर रोहिदासला घरी बसवते."

दुसऱ्या दिवशी निघाले. मिस्त्री स्टिअरिंगवर, रोहिदास शेजारी, बाई मागे. "बघ हां, हलका पाय कसा असतो!" पहिलं वळण झालं. दुसरं आलं – आणि धाप! काळा धूर! मागून एसटी आली, हॉर्न वाजवत पुढे गेली. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "मिस्त्री, ढकलू का?"

काय म्हणेल आता? मंडळी, चूक उघडी पडली की अहंकाराला पाय फुटतात! "बघा बाई! याने हाफ क्लच मारून मारून क्लचप्लेट जाळली! आता माझ्याही हातून चढेना!"

रोहिदासने चाकामागे दगड लावले आणि वरून येणाऱ्या गाड्यांना हात करायला वळणावर गेला. मिस्त्रीने बॉनेट उघडलं. सवयीने तोंडून गेलं, "हिला शेवटचा हात कोणी..."

शेवटचा हात? तो तर आपलाच! हळूच पाइप सोडवला. आत बोट घातलं. बोटाला मऊ लागलं.

ओढलं. काळंकुट्ट दुपटं. पहिला विचार काय आला असेल? 'हे कुणा वैऱ्याचं काम!' अरे शहाण्या, वैऱ्याला तुझ्या पोरीचं दुपटं कोण देईल?

बॉनेट उभं. बाई आत. कोणी बघत नाही. दुपटं खिशात गेलं. पाइप बसला. गाडी सुरू केली, तर कशी! मांजरीसारखी घुरघुरली.

बाईंनी विचारलं, "झालं? म्हणजे क्लचचंच होतं ना?"

नुसतं 'हो' म्हटलं की नाव शाबूत, गॅरेज शाबूत! जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात रोहिदास आला. खाली मान घालून म्हणाला, "मिस्त्री, माझंच चुकत असणार. रात्री झोपेतही पाय आखडून घेतो मी. नोकरी राहू दे, जाऊ दे... पण मला एकदा शिकवाल का? पाय हलका कसा करायचा?"

मंडळी, शिवी दिली असती तर मिस्त्रीने परतवली असती. पण हा तर शिकवा म्हणत होता!

त्याने खिशात हात घातला. दुपटं बाईंच्या पुढे धरलं.

"बाई, डिझेल चांगलं, क्लच चांगला, याचा पाय तर माझ्याहून चांगला. हे माझ्या पोरीचं. मीच गाडीच्या नरड्यात कोंबलं आणि विसरलो. आत्ताही खिशात लपवलं होतं. कान तीक्ष्ण म्हणवतो, पण डोक्यात भुसा आहे!"

बाई म्हणाल्या, "पोटात कात्री विसरणारे डॉक्टर ऐकले होते. दुपटं विसरणारा तुम्हीच पहिला! मागे बसा. रोहिदास, गाडी घे."

रोहिदासने घाट चढवला. कसा? झोळीतलं पोर जागं होऊ नये तसा! वर वाड्यांपाशी गाडी थांबली, बाई पोटुशांकडे गेल्या. रोहिदासने फोन काढला.

"अगं, ऐकतेस का? माझा पाय चांगला आहे."

पलीकडून बायको म्हणाली, "मग मी इतके दिवस काय सांगतेय? कार्टी झोपलीय, हळू बोला."

मागच्या सीटवर मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता. डोळ्यांत धूर गेला म्हणे. धूर कुठला? गाडी तर साफ झाली होती!

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना गॅरेज, ना घाट. बरं. पण घरात लेकरू आहे ना? बेरीज चुकली की आपण पटकन म्हणतो, "तुझं डोकंच चालत नाही." सासू सुनेला म्हणते, "तुझ्या हाताला चवच नाही." मीठ कोणी जास्त टाकलं, गणित कोणी घाईत शिकवलं, ते कोण बघतं? आणि समोरचं माणूस भांडलं तर बरं हो! पण एक दिवस ते लेकरू पाटी घेऊन येतं, खाली मान घालून विचारतं, "आई, डोकं कसं चालवायचं, शिकवशील का?"

त्या दिवसाची वाट बघू नका, माझ्या मायांनो, बाबांनो. आज घरी जाल तेव्हा पोरं झोपलेली असतील. असू देत. सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य तेवढं सांगा – 'बाळा, तुझं डोकं चांगलं आहे. घाई माझी झाली.' एवढं म्हणायचं बळ मारुतीराया तुम्हाला देवो, आणि तुमच्याआधी मला देवो. काका, धरा सूर! आणि आज घसरला, तर तो माझाच!